साखर कुणाची?

यंदाच्या संक्रांतीला येथील एका मराठी कुटुंबमेळाव्याला जाण्याचा योग आला. आखातात थंडी ती काय पडायची. तरी जानेवारीतल्या संध्याकाळी अंगावर शाल घ्यावी इतपत गारवा होता. काळ्या साड्या, हळदीकुंकू, एका तान्ह्या बाळाचे बोरनहाण, त्याच्या अंगावर हलव्याचे दागिने, सुट्टीवरून परतलेल्या कुणीतरी पुण्याहून आणलेले तिळाचे लाडू, असा सगळा थाट होता. जेवणाआधी एका वडीलधाऱ्या गृहस्थांचे भाषण ठेवले होते. विषय होता आपल्या भाषेचा अभिमान.

वक्ते बोलण्यात तरबेज होते. इंग्रजी ही संस्कृतची नातच आहे, असे त्यांनी ठासून सांगितले, आणि एकेक दाखला देऊ लागले. ‘मदर’ म्हणजे आपले मातर, ‘ब्रदर’ म्हणजे भ्रातर, ‘नॅव्हिगेशन’ म्हणजे नवगती, ‘बॅड’ म्हणजे ‘बदनाम’मधला बद, आणि ‘शुगर’ म्हणजे शर्करा! प्रत्येक दाखल्याला टाळ्या पडत होत्या. खोटे कशाला सांगा, आम्हीही वाजवल्या.

तेवढ्यात मागच्या रांगेतून आठवी-नववीतला एक मुलगा उठून उभा राहिला. “काका, आमचे अरबीचे सर म्हणाले की शुगर हा शब्द अरबी ‘सुक्कर’वरून आलाय. मग खरं कुणाचं?” वक्ते हसले आणि म्हणाले, “अरे बाळा, त्यांनी तो आपल्याकडूनच उचललाय!” पुन्हा टाळ्या पडल्या. मुलगा ओशाळून खाली बसला. त्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि उत्तर ठाऊक करून घेण्याची तसदी सभागृहातल्या आम्हा मोठ्यांपैकी कुणीच घेतली नव्हती, ही गोष्ट आमच्या मनाला लागली. घरी येऊन आम्ही कोश उघडले. त्यातून जे हाती लागले ते त्या मुलासाठी आणि त्या संध्याकाळी टाळ्या वाजवणाऱ्या आम्हा सर्वांसाठी येथे मांडत आहोत.

सुरुवात शर्करेपासूनच करू. संस्कृतात या शब्दाचा मूळ अर्थ साखर असा नाहीच. शर्करा म्हणजे खडे, कंकर, जाड रेती. आयुर्वेदात मूतखड्याच्या बारीक कणांनाही शर्कराच म्हटले आहे. उसाचा रस आटवता आटवता त्याचे रवे धरू लागले, तेव्हा ते पाहून कुणाला तरी रेतीची आठवण झाली आणि नाव पडले. आपण आजही ‘खडीसाखर’ म्हणतो, आणि रस्त्यावर पसरतात तीही खडीच, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या जुन्या माणसाची नजर आपल्याला ओळखीची वाटते. पुढे लोकांच्या तोंडी या शर्करेचे प्राकृतात ‘सक्करा’ झाले, पालीत ‘सक्खरा’ झाले आणि मराठीत साखर झाली.

इराणी लोकांनी हा शब्द घेतला तो ‘शकर’ असा. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकले, तेव्हा उसाची शेती, रस आटवण्याची विद्या आणि हा शब्द या तिन्ही गोष्टी त्यांच्या हाती आल्या. अरबीत त्याचे ‘सुक्कर’ झाले. अरबांनी ऊस पश्चिमेकडे नेला. मिसर देशात नेला, सिसिली बेटावर नेला, स्पेनमध्ये नेला, आणि जिथे ऊस गेला तिथे शब्दही गेला. स्पॅनिश भाषेत साखरेला ‘असूकार’ म्हणतात. त्यातला आरंभीचा ‘अ’ कुठून आला? अरबीत नामाच्या मागे ‘अल’ लावतात. ‘स’च्या आधी त्याचा उच्चार ‘अस’ होतो, म्हणून ‘अस्-सुक्कर’. स्पेनच्या लोकांनी तो सगळाच्या सगळा उचलून आपला केला. पाकिटावर टपालाचा शिक्का राहावा तसा तो ‘अ’ त्या शब्दावर राहिला आहे. पत्र कुठून आले हे सांगायला दुसरा साक्षीदार नको.

इटलीत त्याचे ‘झुक्केरो’ झाले, मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘सुक्कारुम’, फ्रेंचमध्ये ‘स्युक्र’. इंग्लंडवर १०६६ साली नॉर्मनांचे राज्य आले, आणि पुढे कित्येक पिढ्या तिथल्या बड्या घरांतली बोली फ्रेंच होती. त्यामुळे खाण्यापिण्याचे पुष्कळ शब्द इंग्रजीत फ्रेंचांच्या हातून आले. तेराव्या शतकाच्या अखेरीस साखरेचा शब्द इंग्रजांच्या कागदांत दिसू लागतो. तेव्हा ती मसाल्यासारखी महाग, श्रीमंतांच्या कपाटात कुलपात राहणारी चीज होती.

म्हणजे त्या मुलाचे अरबीचे सर बरोबरच सांगत होते. इंग्रजीतला हा शब्द अरबीमार्गेच गेला आहे. आमचे वक्तेही सर्वस्वी चुकले नव्हते, कारण वाटेचा आरंभ आपल्याकडे आहे. चुकले ते एवढेच की मधला हजारो मैलांचा आणि कित्येक शतकांचा प्रवास त्यांनी ‘उचलला’ या एका शब्दात गुंडाळला.

पण शर्करेच्या घराण्याची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. युरोपात ती याच्या खूप आधी, दुसऱ्या दाराने एकदा जाऊन आली होती. सिकंदराच्या आरमाराचा प्रमुख निआर्कस याने भारतात मधमाश्यांवाचून मध देणारे बोरू पाहिल्याची नोंद केली, असे पुढच्या काळातील ग्रीक लेखक सांगतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात तर सागरी व्यापाराची सगळी यादीच दिली आहे. कल्याण, सोपारा, पैठण, तेर ही आपल्या ओळखीची गावे त्यात भेटतात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून आफ्रिकेकडे जाणाऱ्या मालात ‘साक्खारी नावाचा बोरूचा मध’ त्यात सांगितला आहे. त्या शब्दातला ‘ख’ पाहा. तो संस्कृत शर्करेत नाही. तो पालीतल्या सक्खरेत आहे आणि आपल्या साखरेत आहे. अर्थात ग्रीकांनी हा शब्द पंडितांच्या तोंडून ऐकलेला दिसत नाही. तो बंदरावरच्या, बाजारातल्या, प्राकृत बोलणाऱ्या माणसांकडून ऐकला. अभिमानच बाळगायचा असेल तर त्या अनाम व्यापाऱ्यांचा आणि तांडेलांचा बाळगावा, असे आम्हाला वाटते. आपणही येथे पोटापाण्यासाठी समुद्र ओलांडूनच आलो आहोत.

ग्रीकांचा शब्द लॅटिनमध्ये गेला आणि पुस्तकांत जपला गेला. रोमन लोकांना साखर ठाऊक होती ती औषधापुरती. उसाला शास्त्रीय नाव देण्याची वेळ आली तेव्हा, १७५३ साली, लिनियसने हाच जुना शब्द घेतला. आणि १८७९ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथील प्रयोगशाळेत फालबर्ग या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती योगायोगाने एक अतिगोड द्रव्य लागले, त्याला नाव दिले ‘सॅकरिन’. मधुमेह झालेला माणूस साखर वर्ज्य करून चहात सॅकरिनची गोळी टाकतो, तेव्हा निदान नावापुरती तरी साखर त्याच्या पेल्यात पडतेच.

मराठीच्या शाळेत आपण तत्सम आणि तद्भव शब्द शिकलो. शर्करा तत्सम, साखर तद्भव. इंग्रजीतही जवळजवळ तीच तऱ्हा झाली आहे. ‘शुगर’ लोकांच्या तोंडी झिजत आलेला, ‘सॅकरिन’ पोथीतून उचललेला. मूळ एकच, वाटा दोन.

तिसरी वाटही आहे, आणि ती आपल्याला येथे रोज भेटते. याच दैनिकाचे मल्याळी पान वाचणारा आमचा शेजारी कोपऱ्यावरच्या दुकानात ‘शर्करा’ मागतो, आणि दुकानदार त्याला गुळाची ढेप देतो! मल्याळी भाषेत शर्करा म्हणजे गूळ. पांढऱ्या साखरेला ते ‘पंचसारा’ म्हणतात. पोर्तुगीज लोक दक्षिणेच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा त्यांनी गुळाचे हे नाव ‘जागरा’ असे उचलले, आणि त्यावरून इंग्रजीत गुळाला ‘जॅगरी’ म्हणू लागले. म्हणजे इंग्रजाच्या कोशात शुगर, सॅकरिन आणि जॅगरी या तिघी बहिणी तीन निरनिराळ्या दारांनी शिरल्या. ‘कँडी’ ही शेजारच्या घरची. संस्कृत खंड, आपली खांड, फारसी ‘कंद’, अरबी ‘कंदी’, फ्रेंच ‘कांदी’ आणि मग इंग्रजी, असा तिचा प्रवास.

आता पुन्हा त्या ‘उचलला’ शब्दाकडे येऊ. शेजाऱ्याने आपली छत्री नेली तर आपण भिजतो. शब्द नेला तर आपल्याकडे तो असतोच. साखर जगभर गेली आणि आपल्या घरातही राहिली. मग चोरी कसली? आणि ‘आपले’ म्हणायचे तरी कुठवर? ज्या उसापासून ही साखर झाली तो प्रथम लागवडीखाली आला न्यू गिनी बेटावर, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. तिथल्या कुणा शेतकऱ्याची भाषा काय होती आणि उसाला तो काय म्हणत असे, याचा मागमूस उरलेला नाही. सातव्या शतकात, ६४७ साली, चीनच्या ताइझोंग सम्राटाने मगध देशी माणसे पाठवून साखर करण्याची विद्या शिकून घेतली, अशी नोंद चिनी इतिहासात आहे. आणि पुढे आपल्याच देशात हिंदी बोलणारे लोक साखरेला ‘चिनी’ म्हणू लागले, खडीसाखरेला ‘मिसरी’ म्हणू लागले. एक नाव चीनचे, दुसरे मिसर देशाचे. ज्याने शिकवले त्यानेच पुढे शिष्याचे नाव आपल्या डब्यावर लिहिले. त्यात कुणाचे काय गेले?

त्या संध्याकाळची मौज तर वेगळीच होती. बाळाच्या अंगावर हलव्याचे दागिने होते. ‘हलवा’ हा शब्द अरबी, गोड या अर्थाचा. ‘मुरंबा’ अरबी, ‘सरबत’ अरबी. ज्या संक्रांतीला आपण निखळ मराठी सण समजतो, त्या दिवशी बाळाच्या गळ्यातला शब्द अरबस्तानातून आलेला असतो, आणि त्याने संक्रांत बाटत नाही. उलट दिशेचेही सांगायला हवे. येथल्या टपरीवर अरब गिऱ्हाईक गाडीतून हात बाहेर काढून ‘करक’ मागतो, तो आपला कडक चहा. तो करक मागतो आणि त्यात सुक्कर घालायला सांगतो. दोन्ही शब्द आपल्या बाजूचे. एक काल-परवा आलेला, दुसरा हजार-बाराशे वर्षे मुरलेला. आपल्या मुलांना हे त्या टपरीवर उभे राहून सांगता येईल. त्यासाठी सभागृह लागत नाही.

या गोड शब्दाच्या वाटेवर एक फार कडू मुक्काम आहे, तो वगळणे बरे नव्हे. १४९३ साली दुसऱ्या सफरीत कोलंबसाने उसाची बेणी अटलांटिकपार नेली. त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षे आफ्रिकेतून लाखो माणसे पकडून त्या मळ्यांत राबवली गेली. साखर स्वस्त झाली, इंग्रजाच्या चहात रोज पडू लागली, ती त्यांच्या घामावर आणि रक्तावर. ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ साली गुलामगिरी बंद करणारा कायदा केला, तेव्हा मळेवाल्यांनी मजुरांसाठी हिंदुस्थानाकडे नजर वळवली. १८३४ पासून १९२० पर्यंत सुमारे पाच लाख गिरमिटिया मजूर एकट्या मॉरिशसच्या धक्क्यावर उतरले. त्यांत बिहारी होते, तमिळ होते, तेलुगू होते, आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातले मराठी लोकही होते. पोर्ट लुई येथील तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा म्हणून जाहीर झाला.

घरी साखर म्हणणारी ही माणसे तिथे फ्रेंच मळेवाल्याच्या तोंडून ‘स्युक्र’ ऐकत ऊस तोडीत होती. शब्द फिरून आपल्याच माणसांपुढे उभा राहिला तो मुकादमाच्या रूपाने. तो आपलाच आहे हे त्यांना कुणी सांगितले असते, तर पाठीवरचे ओझे काही कमी झाले नसते. म्हणून ‘शब्द आमचा’ ही फुशारकी आम्हाला अपुरी वाटते. शब्दाची मालकी सांगताना तो कुणी कुणी वाहिला, कुठल्या हालांत वाहिला, हेही सांगितले पाहिजे. परदेशात मजुरी आणि नोकरी करणाऱ्या आम्हा लोकांना तरी ते सांगण्याची चाड असावी.

आता वक्त्यांच्या बाकीच्या दाखल्यांविषयी थोडे. ‘मदर’ आणि ‘मातृ’ यांचे नाते खरे आहे, परंतु ते साखरेसारखे उसनवारीचे नाही. १७८६ साली सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत भाषण करून संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, आणि ती मूळ भाषा कदाचित आता उरलेली नसावी, असे मांडले. पुढच्या संशोधनाने इंग्रजीचेही गोत्र तेच ठरले. म्हणजे मदर ही मातृची मुलगी नव्हे. दोघी चुलत बहिणी. इंग्रजीला संस्कृतची नात म्हणणे म्हणजे चुलतबहिणीला नात म्हणण्यासारखे आहे. हळदीकुंकवाच्या सभेत तरी नात्यांचा असा घोळ घालू नये!

‘नॅव्हिगेशन’ची गंमत पाहा. तो लॅटिन शब्द आहे. त्यात ‘नाविस’ म्हणजे नाव, आणि पुढचा भाग ‘हाकणे’ या अर्थाच्या क्रियापदाचा. ‘नाविस’ची चुलत बहीण संस्कृत ‘नौ’, आणि त्या हाकण्याच्या क्रियापदाचा चुलत भाऊ संस्कृत ‘अजति’. दोन्ही नाती अस्सल आहेत. नवगती मात्र कुणीतरी घरी बसून जुळवलेली. खरे नाते हाताशी असताना खोटे कशाला जोडायचे? आणि ‘बॅड’चे म्हणाल तर फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा उच्चार सारखा, अर्थ सारखा, पण दोघांचा काडीचाही संबंध नाही, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. शिवाय ‘बद’ फारसीतून आपल्याकडे आलेला, तो आपला म्हणून मिरवायची सोयही नाही. नुसत्या कानावर विसंबले की असे होते. आडनावबंधू रस्त्यात भेटला म्हणून तो भाऊबंद ठरत नाही. वंशावळ काढून पाहावी लागते.

शब्दाची वंशावळ काढायला फार विद्वत्ता लागते असेही नाही. तो शब्द कोणत्या लेखात, कोणत्या काळी प्रथम दिसतो? मधल्या गावांत त्याचा मुक्काम सापडतो का? आणि त्याचे उच्चार जसे बदलले तसे त्या भाषांतले आणखीही शब्द बदलले आहेत का? एवढे विचारले तरी निम्म्या गप्पा गळून पडतात. आपल्याकडे यासाठी साधने आहेत. मोल्सवर्थचा मराठी कोश १८३१ साली निघाला. कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ १९४६ सालचा. इंग्रजीत शिरलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ १८८६ सालचा. यांतली काही मते पुढच्या अभ्यासाने बदलली, आणि तसे होणे हेच विद्येचे लक्षण आहे. मंडळांच्या कपाटांत ढोलताशे आणि नाटकांचे पडदे असतात. त्यांच्या शेजारी यांतला एखादा कोश असायला काय हरकत आहे?

काही वाचक म्हणतील, परमुलखात वाढणाऱ्या मुलांना आपल्या भाषेबद्दल प्रेम वाटावे म्हणून थोडे वाढवून सांगितले तर बिघडले कुठे? बिघडते ते असे. मुले शाळेत शिकतात, पुस्तके उघडतात, आणि एक दिवस त्यांना कळते की काकांनी सांगितलेली नवगती खोटी होती. त्या दिवशी ती नवगतीसोबत आपली साखरही टाकून देतील. घरातले सगळेच बढाईचे, असे त्यांना वाटेल. खोट्या दागिन्याचा मुलामा उडाला की माणूस खऱ्याकडेही संशयाने पाहतो. आणि आपल्याजवळ तर खरे सोने पुरेसे आहे.

ज्या मुलाने त्या संध्याकाळी प्रश्न विचारला, त्याचे नाव आम्हाला ठाऊक नाही. त्याच्या आईवडिलांच्या हाती हे पान पडले तर त्यांनी त्याला एवढे सांगावे: बाळ, तुझे अरबीचे सर खरे बोलले, आणि काकांच्या बोलण्यातही तथ्य होते. दोघांच्या मधे इराणी होते, अरब होते, सिसिलीचे आणि फ्रान्सचे लोक होते. त्यांचीही नावे घे. पुढच्या संक्रांतीला त्या सरांना आपल्या घरचा तिळगूळ आणि हलवा नेऊन दे. हलव्याचे नाव काय म्हणून त्यांनी विचारले तर बेलाशक सांग. ते त्यांना लगेच समजेल.